शिसं काढलेलं जाळं

"सून बोलत नाई, ते एक बरं हाय. मोजणीवाले येतीन त्याच्या आधी चिच पडली पायजे. पडल्यावर कोणी काई मोजत नाई."

हे बापूजी बोलले, वाडीतल्या चिंचेखाली उभे राहून, वर बघत. त्यांच्या समजुतीप्रमाणे ऐकायला फक्त त्यांचा मुलगा भूपेश होता. पण त्या जाड खोडाच्या मागं, उकिडवी बसून, माझं सैल झालेलं एक टोक पुन्हा आवळून बांधत रिंकू होती. भूपेशची बायको. म्हणजे जी बोलत नाही, ती.

मीही ऐकलं. पण माझं ऐकणं कोण धरतो? मी जाळं बोलतोय. मासोळीचं फेकजाळं. सध्या वनखात्याच्या एका कोठीत, लोखंडी कपाटामागं, गोणपाटात बांधून पडलोय. माझ्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'पक्षी पकडण्याचे जाळे, नग एक.' त्यातलं एकही अक्षर खरं नाही. 'नग एक' हेसुद्धा नाही. ते कसं, ते सांगतो.

माझा जन्म पोंभुर्ण्याकडचा. एका हिवाळ्यात लटारूभाऊंनी मला विणलं, ओसरीवर, उन्हाला पाठ करून. हातात बांबूची सुई, गुडघ्यावर लाकडाची पट्टी, दर गाठीला एक हुंकार. सुईत दोरा भरून द्यायला त्यांची मुलगी रिंकू बसायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं तिचं, मांडीवर पुस्तक असायचं. बापलेकीत बोलणं फार नव्हतं. बाप बोलायचा, ती ऐकायची, आणि मी दोघांच्या मध्ये वाढायचो.

लटारूभाऊ बोलायचे ते बहुतेक पाखरांचं. पाणकावळा बुडून पुन्हा तिथंच वर आला तर खाली मासोळी आहे. ढोकरी उभी आहे तिथं पाणी गुडघ्याच्या वर नाही. टिटवीनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उंच जागी अंडी घातली तर यंदा तलाव भरणार, पोरी, बैलगाडी वरच बांध. पाखरांकडं बघणं हा त्यांच्या घरात छंद नव्हता, ते कामच होतं. आणि त्यांच्या गावात अजून एक रीत होती. जाळं म्हातारं झालं की फेकून द्यायचं नाही. गावच्या पिंपळावर बगळे घरटी करतात, त्याखाली बांधायचं. वरून पिल्लू पडलं तर जमिनीवर पडू नये म्हणून. "जल्मभर पाण्यातलं जीव काढलं त्यानं," लटारूभाऊ म्हणायचे, "आता थोडं झेलू दे."

तेव्हा मला वाटायचं, माझं म्हातारपण अजून लांब आहे.

लटारूभाऊंचा हट्ट होता की पोरीच्या लग्नात जावयाला हातानं विणलेलं जाळं द्यायचं. त्यामुळं मे महिन्यात रुखवतात मी होतो, कूलर आणि स्टीलच्या हंड्यांच्या मधोमध. लोकांनी फोटो कूलरचे काढले. फक्त बापूजी, म्हणजे मुलाचे वडील, माझ्यापाशी थांबले. नखानं एक गाठ ओढून बघितली, दुसरी ओढली, आणि म्हणाले, "हाताचं हाय. बजारचं नाई." हे मी मुद्दाम सांगतो. माणूस वाईट नव्हता. ज्याला गाठ कळते तो माणूस सरसकट वाईट कसा असेल?

असा मी रिंकूबरोबर गडचिरोलीकडच्या या गावात आलो. मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव, त्याची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्यांना लागून घर. घरामागं वाडी आणि वाडीत ती चिंच. चिंचेवर ग्रामपंचायतीचा फलक ठोकला होता, 'हागणदारीमुक्त गाव'. त्या फलकावर दरवर्षी चार महिने वरून जे पडायचं, त्यामुळं तो वाचता येत नसे.

कारण जुलै लागला की त्या चिंचेवर घोंगलफोडे यायचे. पांढरे-करडे मोठे करकोचे. चोच मिटली तरी मध्ये फट राहते, सुपारीच्या अडकित्त्यासारखी. तिच्यात घोंगली, म्हणजे पाण्यातली गोगलगाय, धरायची, फोडायची, आतलं मांस ओढून काढायचं, शंख खाली टाकायचा. चिंचेखाली शंखांचा खच असायचा. गावातल्या निम्म्या लोकांचं मत होतं की ही पाखरं तलावातली मासोळी खाऊन टाकतात. शंख त्यांच्या पायांना रोज टोचायचे, पण मत बदललं नाही.

पाखरं आली त्या पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या, गिरजाबाईंच्या धुतलेल्या लुगड्यावर वरून पांढरी पिचकारी आली. त्या म्हणाल्या, "काऊन वं रिंकू, हे तुह्या माहेरचे पाहुणे का? तुह्या मांगंच आले दिसतात."

रिंकू हसली. बोलली नाही. तिचं न बोलणं या घरानं लवकरच ठरवून टाकलं, की सून गरीब आहे, गाईसारखी. मी तिला आधीपासून ओळखत होतो. ती गप्प असते तेव्हा हातातलं काम संपवत असते, एवढंच.

ऑगस्टात पहिलं पिल्लू पडलं. सकाळी अंगणात आवाज झाला, ओल्या फडक्याची घडी पडावी तसा. रिंकूनं ते उचललं, बघितलं, बांधाच्या कडेला नेऊन पुरलं. मग घरात आली, मला खुंटीवरून काढलं, पक्कड घेतली आणि ओसरीवर बसून माझ्या काठाच्या शिशाच्या गोळ्या एकेक करून काढायला लागली.

तुम्हाला कदाचित कळणार नाही हे किती मोठं आहे. फेकजाळ्याचा जीव शिशात असतो. शिसं काढलं की ते पाण्यात बुडत नाही, तरंगतं, मासोळी खालून हसत जाते. गिरजाबाईंनी चुलीपुढून बघितलं आणि किंचाळल्याच. "अवं! जवायाले देल्लेलं जाळं! बापानं हिवाळाभर इणलं, अन् हे पोरगी त्याचं शिसं काढून राह्यली! येडी हाय का?"

रिंकू म्हणाली, "खाली बांधाचं हाय." लग्नानंतरचं हे तिचं मोठं भाषण.

भूपेश दारात उभा होता. चेहऱ्यावर हसू, आणि थोडी भीती. "राहू दे ना माय," तो म्हणाला, "मी बजारातून आणतो एक." आणि खरंच आणलं, नायलॉनचं, हिरवं, मशीनचं. मी त्याच्यावर रागावलो नाही.

मी एकटा त्या चिंचेच्या घेराला पुरणार नव्हतो. रिंकू दोन दिवस गावात फिरली. शेजारच्या आशाबाईंनी नवऱ्याचं फाटकं जाळं दिलं, वर म्हणाल्या, "घे बाई, मासोळी तं यात कवाच सापडली नाई, आता पाखरू तरी सापडू दे." आणखी दोन घरांतून दोन मिळाली. रिंकूनं आम्हा चौघांना गाठीगाठीनं जोडलं आणि कमरेएवढ्या उंचीवर ताणून बांधलं. म्हणून म्हणतो, 'नग एक' हे खोटं आहे.

त्या पावसाळ्यात एकोणीस पिल्लं पडली. चौदा मी झेलली. पिल्लू पडलं की मी खाली दबायचो, परत वर यायचो, आणि ते माझ्यावर उताणं पडून पाय झाडायचं. कुरूप, काळ्या चोचीचं, पोटात अर्धवट घोंगली. आयुष्यात इतका उपयोगाचा मी कधीच झालो नव्हतो. तलावात मी जे धरलं ते मेलं. इथं जे धरलं ते जगलं.

पिल्लू परत वर ठेवायचं काम भूपेशचं. शर्टाच्या आत पिल्लू घालून तो चढायचा, आणि वरची पाखरं त्याचे उपकार मानण्याऐवजी त्याच्या डोक्यावर जे करायचं ते करायची. एकदा तो खाली उतरला तेव्हा फक्त डोळे दिसत होते. रिंकू हसली. मोठ्यानं, पोट धरून, या घरात पहिल्यांदा. भूपेश तसाच उभा राहिला, पुसायचंही विसरून. "हास ना अजून," तो म्हणाला. "मी पुन्हा चढतो."

हे मी विसरू शकत नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सांगणं सोपं गेलं असतं.

दसऱ्याच्या सुमारास पिल्लं उडाली. मला सोडून, धुऊन, पडवीतल्या खुंटीवर टांगलं. हिवाळ्यात तलावावर बदकं उतरली. रिंकू कपडे धुऊन आली की पडवीतल्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहायची. थापट्या चाळीस. तलवार बदक सोळा. चक्रवाक दोन, जोडी, एकमेकांपासून लांब बसून. त्या शेवटच्या ओळीखाली तिनं काहीतरी लिहून खोडलं होतं. उन्हाळ्यात तलाव आटून मधोमध डबकं राहिलं, कडेचा गाळ भाकरीसारखा तडकला आणि टिटवीनं पाळीच्या पार वर, बैलगाडीच्या चाकोरीशेजारी अंडी घातली. रिंकूनं त्याभोवती चार दगड मांडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते देव समजून चुकवले. एकानं शेंदूरही लावला. टिटवी वाचली.

आता खोलीचं सांगतो, कारण सगळं त्या खोलीवरून झालं.

घर दोन खोल्यांचं. रिंकू-भूपेशचा संसार पडवीत, साडीच्या पडद्याआड. गिरजाबाईंना ते सलत होतं, आणि खरंच होतं ते. नव्या जोडप्याला दार हवं. बापूजींनी ठरवलं की वाडीत एक खोली बांधायची. "जागा हाय," ते म्हणाले, "फक्त चिच आडवी येते." रिंकूनं पाणी देताना हळूच विचारलं, "दसऱ्यानंतर चालल का? पाखरं गेल्यावर?" बापूजींनी तिच्याकडं बघितलं, मान हलवली. "चालल. दसऱ्यानंतर."

आणि ते शब्दाला जागले असते. मला अजून तसं वाटतं.

पण रिंकूला झाडच वाचवायचं होतं. तिनं तिच्या कॉलेजातल्या संघप्रिया मॅडमना फोन केला. मॅडम चंद्रपुरातल्या पक्षी बघणाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून घरटी मोजतात. मॅडम फोनवर इतक्या आनंदल्या की मला पडवीतून ऐकू आलं. "रविवारी येते गं! वनखात्याच्या गार्डलापण आणते. मोजणी करून नोंद झाली ना, की झाडाला कुणी हात लावणार नाही."

चुकली ती इथं. मॅडमही चुकल्या. या भागात माणसाला 'मोजणी' या शब्दाचा अर्थ वेगळा कळतो, हे दोघींपैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. एक पोंभुर्ण्याची आणि दुसरी चंद्रपूरची असूनही.

रिंकूनं भूपेशला सांगितलं. भूपेशनं जेवताना बापाला सांगितलं, चांगल्या मनानं, बायकोचं कौतुक म्हणून. तोवर ऑगस्ट लागला होता, मी पुन्हा चिंचेखाली ताणलेला होतो. स्वयंपाकघराची मोरी माझ्याच बाजूला आहे, आतलं बोलणं सांडपाण्याबरोबर बाहेर येतं.

बापूजींचा घास थांबला असावा. मग ते म्हणाले, "माह्या बापानं एक डाव मोजू देल्लं. तीन एकराची बांधी होती पल्याड. साहेब आले, साखळी घेऊन मोजलं, चहा पेले, गेले. म्हाताऱ्याले वाटलं, चांगलं झालं, कागदावर आलं. कागदावर आलं तं काय आलं? झुडपी जंगल, वनखात्याचं. आपलीच बांधी, अन् नांगर घालाचा तं परवानगी काढा. म्हातारा मेला तरी निस्तरलं नाई." मग ताट सरकल्याचा आवाज. "माही वाडी मी मोजू देत नाई."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, ते चिंचेखाली आले आणि ते वाक्य बोलले, ज्यापासून मी सुरुवात केली.

भूपेश म्हणाला, "बा, पिलं हायत ना वर."

"पिलं दरसाली होतात. जागा दरसाली होत नाई."

"रिंकू काय म्हणल?"

"तिच्यासाठीच तं खोली बांधून राह्यलो! उद्या समद्या बाया रोवण्याले जातात. दुपारपर्यंत मोकळं होते."

भूपेश थोडा वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "पाहू."

ते गेले. खोडामागं रिंकूची बोटं माझ्या दोऱ्यांत अडकलेली होती. तिनं फोन काढला. 'मॅडम, रविवार नको. उद्या सकाळीच या' एवढं लिहिलं. अंगठा पाठवायच्या खुणेवर धरून बसली. वरून एक पिल्लू भूक लागल्यासारखं चोच वाजवत होतं. मग तिनं एकेक अक्षर मागं घेतलं, मागून पुढं, शेवटी 'म' राहिला, तोही पुसला.

का पुसलं? सासरच्या माणसांवर गार्ड बोलावणारी सून, लग्नाला सव्वा वर्ष होतंय तोवर. आणि दुसरं, भूपेश 'पाहू' म्हणाला होता. तिला तो शर्टात पिल्लू घालून चढणारा भूपेश आठवला असेल. मलाही तोच आठवला. आम्ही दोघं त्या एका शब्दाच्या भरवशावर राहिलो. ती माझी गाठ आवळून घरात गेली.

शनिवारी सकाळी बायका रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेल्या. दहाच्या सुमारास मशीनची करवत घेऊन दोन माणसं आली. भूपेशनं दोर बांधला. बांधायच्या आधी तो माझ्यापाशी आला. पहाटे पडलेलं एक पिल्लू माझ्यावर होतं, ते उचलून त्यानं गोठ्यातल्या टोपलीत ठेवलं. एक. मग बापूजींनी हाक मारली आणि त्यानं दोर हातात घेतला.

मला सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

झाड पडायला फार वेळ लागत नाही. आवाज आधी होतो, मग वरचं आभाळ सरकतं. पिल्लू मी झेलू शकतो, दोन झेलीन, तीन झेलीन. मी ताणून उभा होतो, चार घरच्या गाठींनिशी, आणि वरून सगळं झाड येत होतं. एक्केचाळीस घरटी. मी झेललं नाही.

बांधीतलं मला आशाबाईंकडून कळलं. रिंकू गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, लावत होती. गावाच्या दिशेनं पांढरा लोट उठला, सगळे घोंगलफोडे एकदम वर, आणि खाली बसेनात. रिंकू सरळ झाली. हातातली पऱ्ह्यांची जुडी पाण्यात पडली. "काऊन वं, थांबली काऊन?" आशाबाईंनी विचारलं. ती धावली नाही. चालत आली. धावायची वेळ काल होती, हे तिला माहीत होतं.

ती आली आणि फांद्या बाजूला करायला बसली. मला मोकळं केलं, मधून फाटलो होतो, तरी पसरलं. पिल्लं काढून माझ्यावर ओळीनं ठेवायला लागली. जी हलत होती ती टोपलीत, गोठ्यातल्या त्या एकाशेजारी. बाकीची माझ्यावर. गिरजाबाई बाहेर आल्या. "ऊठ वं बाई, हात धू," म्हणाल्या. मग त्यांनी मान वर केली. घराच्या कौलांवर, गोठ्यावर, ग्रामपंचायतीच्या टाकीवर पाखरं उभी होती, ओळीनं, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, जिथं चिंच होती तिकडं. गिरजाबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तिथंच पायरीवर बसल्या. खोली त्यांनाच हवी होती.

टोपलीत नऊ होती. रिंकूनं बांध्यांतून घोंगल्या वेचून आणल्या, दगडानं ठेचून भरवल्या. रविवार उजाडला तेव्हा तीन उरली.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवट मला तिच्या बोलण्यावर करता येईल.

तीन पिल्लं मॅडमनी नेली. दोन वाटेत गेली. एक जगलं म्हणतात. म्हणतातच. बापूजींवर केस झाली, ते तारखांना तालुक्याला जातात, भूपेश गाडी चालवतो, जाताना बोलत नाहीत, येताना बोलत नाहीत. खोली झाली नाही. जागेवर बुंधा आहे आणि बुंध्याला हात लावायचा नाही असं लेखी आहे, म्हणजे बापूजींना ज्याची भीती होती तेच त्यांनी स्वतःच्या हातानं आणलं. मला पुरावा म्हणून इथं आणलं. साक्षीला आलेल्या आशाबाई कोठीच्या दाराशी सांगत होत्या, की आता त्या घरात रिंकूच तेवढी बोलते. जेवायला वाढू का, पाणी तापलंय, असं. कुणी उत्तर देत नाही. पडवीतला पडदा अजून आहे, आणि भूपेश पडद्याच्या बाहेर झोपतो.

यंदाच्या जुलैत थवा आला होता म्हणे. गावावरून तीन घिरट्या घातल्या. चिंच शोधली असेल. मग नदीच्या बाजूला गेला, आणि तिकडं कुणाला दिसलेला नाही. बांध्यांत घोंगल्या मात्र माजल्यात. रोवलेलं धान रात्रीतून कातरतात. गावातल्या निम्म्या लोकांचं मत आहे की हे हवेमुळं होतं.

मी आता कुणाच्या कामाचा नाही. उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय. माझं मागणं फार नाही. मला परत बांधा असं म्हणत नाही, बांधायला झाड नाही. फक्त या चिठ्ठीवरचा 'पकडण्याचे' हा शब्द कुणीतरी खोडा. त्या दिवशी गार्डसाहेबांनी तो लिहिला तो रिंकू बोलायच्या आधी, आणि ती बोलल्यावर ते नुसते अडखळले. म्हणाले, छापील फॉर्म आहे, पिल्लं झेलायच्या जाळ्याला यात रकाना नाही.

तर रविवारी सकाळी ते आले. संघप्रिया मॅडम, गळ्यात दुर्बीण, आणि गार्डसाहेब. वाडीत निम्मा गाव जमला होता. मॅडम वर बघत आत आल्या, सवयीनं, आणि वर काहीच नव्हतं.

"झाड कसं पडलं?" गार्डनी विचारलं.

"वाऱ्यानं, साहेब," बापूजी म्हणाले. "काल दुपारी आलता जोराचा."

वाऱ्यानं बुंधा इतका सपाट कापला होता की पाहुण्यांच्या चहाचे कप त्याच्यावरच मांडले होते. गार्डनी त्यातला एक उचलला, कपाखाली बघितलं, परत ठेवला. जमलेल्यांना विचारलं, "वारा होता का?" कुणी हो म्हणालं, कुणी खाली बघितलं. भूपेशनं खाली बघितलं.

मग गार्डची नजर माझ्यावर आली. मी पसरलेला, माझ्यावर पिल्लं. "अन् हे जाळं कोणाचं? पाखरं धरता का तुम्ही?"

बापूजी घाबरले. मला त्यांचा आवाज ओळखू आला नाही. "आमचं नाई, साहेब. ते सुनेच्या माहेरून आलेलं हाय. पोंभुर्ण्याकडून."

शब्द सगळे खरे होते. गार्डनी लिहून घेतलं, पक्षी पकडण्याचे जाळे. "बापाचं नाव सांगा," ते म्हणाले. बापूजी गप्प. भूपेश गप्प. कुणीतरी मागून म्हणालं, "लटारू." पेन कागदावर टेकलं.

तेव्हा दारातून रिंकू आली. पायाला अजून कालचा चिखल. ती माझ्या काठाशी उभी राहिली, जिथं कधीकाळी शिसं होतं तिथं. तिनं पदर सावरला नाही. आधी भूपेशकडं बघितलं, मग बापूजींकडं, मग सगळ्यांकडं. आवाज तिचा मोठा नव्हता, पण वाडीत दुसरा आवाज नव्हता.

ती म्हणाली, "वारा नव्हता, साहेब. मशीन होती. हे जाळं माह्या बापानं इणलं अन् त्याचं शिसं मी काढलं. बिनशिशाच्या जाळ्यात मासोळी बी येत नाई, पाखरू कुठलं येते? वरून पडते तेच येते. मॅडम, तुम्ही मोजाले आले होते ना? मोजा. शहाण्णव हायत, मी दोनदा मोजले. चिच माह्या खोलीसाठी पाडली. मले शुक्रवारीच ठाऊक झालं होतं, अन् मी बोलली नाई. हेबी लिहा."